जुन्या वाड्यात गावाचं म्युझियम आणि दफ्तरखाना कसा उभा करायचा

पहिलं सांगतो, वही आणा. कपाट नंतर, काचेचं शोकेस नंतर, उद्घाटनाचा विषय तर वर्षभर काढूच नका. आधी एक जाड पुठ्ठ्याचं, दोऱ्यानं शिवलेलं, पानांना नंबर छापलेलं रजिस्टर आणा आणि वाड्यात जी जी वस्तू हाताला लागेल तिची नोंद त्यात करत चला. आमच्याकडे सातारा जिल्ह्यात गावातला एक दोन चौकी वाडा आम्ही असाच हळूहळू उघडला, मालक मंडळी पुण्या-मुंबईला, वाडा बारा वर्षं बंद, आत कागदांचे गठ्ठे, भांडी, पालखीचा दांडा, काय काय होतं. सुरुवातीला आम्ही उत्साहात सगळं बाहेर काढून धुवून पुसून मांडलं आणि तिथंच मोठी चूक झाली, कारण कुठली वस्तू कुठल्या खोलीतून आली, कशाशेजारी होती, कुणी दिली हे महिन्याभरात कुणालाच आठवेना. म्हणून हे सगळं लिहितोय, ज्यांना आपल्या गावात असं काही करायचंय त्यांनी तरी ही पायरी चुकवू नये.

नोंद का महत्त्वाची ते एका डब्यावरून सांगतो. गावातल्या एक आजी पितळेचा डबा घेऊन आल्या, झाकणाला थोडा पोचा होता. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, टिंबा टिंबांनी कोरलेलं, तसं त्याच्यावर होतं, लग्नातला आहेर, आत्याकडून, शके १८६९. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९४७-४८. आजींनी सांगितलं की हा डबा त्यांच्या सासूचा, बाळंतपणात डिंकाचे लाडू यातच भरून यायचे, आणि पोचा आला तो घर बदलताना बैलगाडीतून पडला म्हणून. आता बघा, हे लिहून ठेवलं नाही तर तो डबा म्हणजे मोडीच्या भावानं किलोवर जाणारं पितळ आहे, आणि लिहून ठेवलं तर गावातल्या बायकांचा, लग्नाचा, आहेराचा, बाळंतपणाचा एक पुरावा आहे. आणि हो, भांड्यांवरची नावं वाचत चला, फोटो काढा, तारखा लिहा, कोणत्या गावाहून सून आली, कुठल्या नात्यातून काय आलं, हे कुठल्याही कागदात मिळत नाही ते भांड्यावर मिळतं. शकाचं गणित करताना एवढंच लक्षात ठेवा की पौष-माघ-फाल्गुनातली तारीख बहुतेक जानेवारीच्या पुढं जाते, तिथं ७९ मिळवायचे.

नोंद कशी करायची

नंबर साधा ठेवा. वर्ष, मग त्या वर्षात कितवा देणारा, मग त्याच्या वस्तूंमधली कितवी. उदाहरणार्थ २०२४.१२.३ म्हणजे २०२४ सालात बाराव्या माणसानं दिलेली तिसरी वस्तू. एकदा दिलेला नंबर परत कुणाला द्यायचा नाही, वस्तू हरवली तरी नाही, परत केली तरी नाही. रजिस्टरमधे खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही. शाई वॉटरप्रूफ वापरा, जेल पेनवर पाणी पडलं की वर्षभराची मेहनत वाहून जाते.

रजिस्टरमधे निदान एवढं पाहिजे: तारीख, वस्तू काय, गावात तिला काय म्हणतात (हे फार महत्त्वाचं, कारण पुस्तकात एक नाव असतं आणि आपल्या वाडीत वेगळं), मापं, कशाची बनलीय, अवस्था कशी, कुणाकडून, त्यांच्याकडे कशी आली, कोण वापरायचं, शेवटची कधी वापरली, आणि भेट आहे का ठेव. हे भेट आणि ठेव प्रकरण पहिल्या दिवशी स्पष्ट करा. भेट म्हणजे कायमची दिली, दानपत्रावर सही. ठेव म्हणजे वस्तू त्यांचीच, आपण सांभाळतोय, तर किती दिवसांसाठी ते लिहा. "असू दे हो, ठेवा तुमच्याकडे, मागाहून बघू" असं म्हणून दिलेल्या वस्तूंवरूनच दहा वर्षांनी भांडणं होतात, देणारे वारलेले असतात आणि त्यांची मुलं दारात उभी राहतात आणि त्यांचंही काही चुकत नसतं.

नंबर वस्तूवर कसा टाकायचा? कागदावर मऊ पेन्सिलीनं, २बी वगैरे, मागच्या बाजूला कोपऱ्यात, हलक्या हातानं. कापडाला सुती नाडीवर नंबर लिहून ती नाडी दोन टाक्यांनी शिवायची, शाई कापडावर अजिबात नाही. पितळ, लाकूड, दगड यांना सरळ सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा, म्युझियमवाले पॅरालॉइड बी-७२ नावाच्या रेझिनचा पातळ थर देऊन त्यावर नंबर लिहितात, पण ते शिकल्याशिवाय करू नका. स्टिकर चिकटवू नका, नेलपॉलिश लावू नका, मार्कर तर दूरच ठेवा.

वाडा ही पहिली वस्तू

आपल्याला वाटतं वाडा म्हणजे फक्त जागा, आत मांडायचं ते म्युझियम. पण रजिस्टरमधे पहिली नोंद वाड्याचीच असायला पाहिजे, म्हणजे किती खण, कुठलं लाकूड, ढेलज (दारालगतची बसायची जागा) कशी, माडीचा जिना कुठं, कडीपाटाची (लाकडी तुळ्या-फळ्यांच्या छताची) अवस्था काय, कुठं गळतं. हातानं नकाशा काढा, खोल्यांना नंबर द्या आणि प्रत्येक वस्तू कुठल्या खोलीत सापडली ते त्या नंबरानं लिहा.

मग दुरुस्ती. पावसाळ्याआधी छप्पर, एवढं एक वाक्य पाठ करा. कौलं चाळून घ्या, फुटकी बदला, पन्हाळी साफ करा, झाडाच्या फांद्या छपरावर टेकत असतील तर तोडा. वाड्यातलं पाणी वरून येतं आणि भिंतीतून खाली उतरतं, खोलीत कोपऱ्यात डाग दिसेपर्यंत वर वासा कुजलेला असतो.

आणि कृपा करून चुन्या-मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका, ऑइलपेंट लावू नका. आमच्या शेजारच्या गावात एका चांगल्या वाड्याचं असं झालं, दिसायला दोन वर्षं झकास, पण माती आणि चुन्याची भिंत श्वास घेते, ओल आत शिरली तरी बाहेर उडून जाते, सिमेंटनं ती वाट बंद केली की ओल आतच कोंडते, मीठ फुलतं, प्लास्टरचे पोपडे सुटतात आणि लाकडाच्या खांबाचं बूड कुजतं. चुना जाणणारा गवंडी शोधा, मिळतात अजून, म्हातारे झालेत पण त्यांच्या हाताखाली दोन पोरं शिकायला ठेवा. चुना मळताना गूळ, हिरडा, बेलफळ घालायची रीत होती ती त्यांना माहीत असते.

माडीवर लोखंडी कपाटं ठेवू नका. कागद फार जड असतो, भरलेलं एक गोदरेज कपाट म्हणजे तेवढ्याच जागेत माणसं दाटीवाटीनं उभी केल्यासारखं, आणि कडीपाट कधी काळचा. दफ्तर, म्हणजे जुने कागद, खालच्या मजल्यावर, पण जमिनीपासून निदान एक वीत वर, भिंतीपासून हातभर लांब, आणि न्हाणीघराच्या, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लागून नको. जुनं वायरिंग पूर्ण काढून नवीन करा, यात पैसे वाचवायचे नाहीत. लाकडी वाड्याला आग लागली की काय होतं ते आपल्याला माहितीय, पुण्याच्या शनिवारवाड्यातल्या लाकडी इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, आज जोती आणि तटच उरलेत. अग्निशामक सिलिंडर प्रत्येक मजल्यावर, आणि देवघरातली समई रात्री विझवूनच कुलूप लावायचं.

रुमाल उघडताना

आता दफ्तर. माझा सगळ्यात जीव कागदांमध्ये आहे म्हणून इथं जरा जास्त लिहितो.

जुने कागद कापडात बांधलेले असतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, पुण्याच्या पेशवे दफ्तरातसुद्धा कागद रुमालांतच मोजतात. तुमच्या वाड्यात असे रुमाल सापडले तर पहिली गोष्ट म्हणजे सोडायची घाई करू नका. आधी बाहेरून फोटो, गाठ कशी आहे, वर चिठोरी आहे का, कुठल्या फडताळात, कुणाच्या खाली कुणाच्या वर. मग टेबलावर स्वच्छ पांढरी चादर पसरा आणि हात धुवून, कोरडे करून, एक एक घडी उलगडा. आम्ही पहिला रुमाल सोडला तेव्हा घडीतून बारीक चमचमणारी वाळू चादरीवर सांडली. बोरूनं लिहिलं की शाई टिपायला वर वाळू टाकायचे, ती वाळू दोनशे वर्षं त्या घडीत तशीच होती. आमच्यातला एक मुलगा झाडायला गेला, त्याला थांबवलं, कागदाच्या पुडीत ती वाळू ठेवली आणि तिलाही नंबर दिला.

क्रम बदलू नका. आपल्याला मोह होतो की जमिनीचे कागद एकीकडे, पत्रं एकीकडे, लग्नाच्या याद्या एकीकडे. करू नका. कुणीतरी कधीतरी तो कागद त्या कागदाशेजारी बांधला त्याला कारण होतं, कर्जाच्या खताशेजारी बायकोच्या दागिन्यांची यादी असेल तर दागिने का गेले ते त्या शेजारावरून कळतं. विषयवार यादी वहीत करा, कागद मात्र होते तसेच ठेवा.

कागद ओळखायला शिका. जुन्नरचा किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद चिंध्यांपासून केलेला असतो, त्याचा धागा लांब, म्हणून दोन-अडीचशे वर्षांचा कागद घडी घातली तरी तुटत नाही. उलट १९३०-४० मधलं वर्तमानपत्र किंवा शाळेचं रजिस्टर लाकडाच्या लगद्याच्या गिरणी कागदावरचं, त्यात आम्ल असतं, ते पिवळं पडून बिस्किटासारखं कुस्करतं. म्हणजे फोटो काढायची घाई पेशवाईतल्या कागदापेक्षा आजोबांच्या काळातल्या कागदाची जास्त आहे, आणि लोक नेमकं उलटं करतात. शाईचंही तसंच, काजळीची शाई उजेडानं उडत नाही पण पाणी लागलं की ओघळते, तर इंग्रजी अमलातली लोखंडी क्षाराची शाई हळूहळू कागदच खाते, अक्षराच्या जागी जाळी होते.

लॅमिनेशन करू नका. हे मोठ्या अक्षरात लिहून दफ्तरखान्यात लावा. आमच्या गावातल्या एका घरानं आपली सनद जपायची म्हणून तालुक्याला एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली, चांगल्या मनानं केलं, पण गरम प्लॅस्टिक कागदात शिरतं, काढायला गेलं तर शाई सुटते, आणि आत कोंडलेली ओल कागदाला आतूनच पिवळा करते. सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, स्टेपलर नाही, यू-पिना दिसतील त्या हलक्या हातानं काढायच्या कारण गंजाचा डाग कागद फाडत जातो. फाटलं असेल तर तसंच कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि जाणकार मिळेपर्यंत थांबा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कॉन्झर्वेशनचा मोठा विभाग आहे, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची केंद्रं आहेत, त्यांना पत्र लिहा, फोटो पाठवा.

बांधायला मांजरपाट सगळ्यात चांगला, पण नवा कोरा वापरू नका, त्याला खळ असते आणि खळ किड्यांना आवडते, दोनदा गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवून मगच. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायची जुनी रीत आहे, ती ठेवा, वाळवलेला कडुनिंबाचा पाला कपड्यांच्या पेटीत ठेवा पण कागदाला थेट लागू देऊ नका. डांबराच्या गोळ्या नकोत, रोज तिथं बसणाऱ्या माणसाला त्या वाफा चांगल्या नाहीत. कसर लागलीच असेल तर गठ्ठा प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून सील करून डीप फ्रीजरमधे, उणे २० पर्यंत जाणारा असेल तर उत्तम, दोन आठवडे ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं.

आपला खरा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबर. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर जाऊन तशीच राहिली की बुरशी धरायला लागते आणि घाटमाथ्याला, कोकणात तर ती ८०-९० असते. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, महाग नाही, ते घ्या आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. पावसाळ्यात दफ्तराच्या खिडक्या बंद, आत पंखा चालू, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत सगळं उघडून वारा द्यायचा, उन्हात टाकायचं नाही, सावलीत. बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसू नका, ती पसरते, कागद वेगळा काढा, कोरड्या हवेत सुकू द्या, मग एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशनं अंगणात झटका.

मोडी लिपी वाचता येत नाही म्हणून थांबू नका. आधी फोटो काढा. फ्लॅश नाही, खिडकीजवळच्या सावलीच्या उजेडात, मोबाइल स्टँडला लावून वरून सरळ, शेजारी पट्टी ठेवून, दोन्ही बाजू, कोरी असली तरी मागची बाजूसुद्धा. फाइलचं नाव म्हणजे नोंदीचा नंबर, दुसरं काही नाही. तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, आणि तिसरी गावाबाहेर, कारण पूर आला तर गावातल्या दोन्ही जातील. पेपर आपोआप ओढणाऱ्या स्कॅनरमधे जुना कागद कधीच घालू नका.

मोडी शिकायला राज्याचं पुराभिलेख खातं वर्ग घेतं, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही शिकवतात, गावातली दोन पोरं पाठवा. तोपर्यंत तारखा ओळखायला शिकलात तरी पुष्कळ. मोडी पत्रात साल बहुतेक वेळा सुहूर सन या जुन्या कालगणनेत, अरबी शब्दांनी असतं, इहिदे म्हणजे १, सबैन म्हणजे ७०, मया १००, अलफ १०००. तर "इहिदे सबैन मया व अलफ" म्हणजे ११७१, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १७७०-७१. महिन्याच्या आधी "छ" दिसला तर तो चंद्राचा, पुढचा आकडा मुसलमानी महिन्याची तारीख. फसली सन (महसुलाच्या हिशेबाचा) असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवायचे. हे एकदा जमायला लागलं की रात्री झोप येत नाही, खरंच सांगतो.

आणि हे आपण पहिल्यांदा करतोय असं नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे घरोघर, गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरचे पेटारे उघडून घेतले, १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापत राहिले, त्यातूनच १९१० साली पुण्याचं मंडळ उभं राहिलं आणि ते गेल्यावर १९२७ साली धुळ्याला त्यांच्या नावचं मंडळ निघालं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातलं दफ्तर टिकलं म्हणून आज वाचायला मिळतं. आणि वस्तूंच्या बाबतीत पुण्याच्या दिनकर केळकरांचं काम बघून या, आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी घरातच संग्रहालय उभं केलं, अडकित्ते, दिवे, खेळणी, फण्या, दारांच्या चौकटी, म्हणजे ज्याला कुणी इतिहास म्हणत नव्हतं ते गोळा केलं आणि १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. म्युझियम सुरू करायच्या आधी तुमच्या मंडळींना एक दिवस तिथं घेऊन जा, कोणती वस्तू ठेवण्यासारखी हा प्रश्न परत कुणी विचारणार नाही.

कुणाचं म्युझियम

वाडा इनामदाराचा, पाटलाचा, देशमुखाचा असतो. त्यातले कागदही त्यांच्याच बाजूनं लिहिलेले असतात. आमच्या रुमालात बलुत्याची यादी निघाली, सुताराला किती, कुंभाराला किती, महाराला किती पेंढ्या. आम्ही ती यादी घेऊन बौद्धवाडीत एका आजोबांकडे गेलो, त्यांनी चष्मा लावून ती ऐकली आणि म्हणाले, कागदावर एवढ्या पेंढ्या आहेत, हातात किती पडायच्या ते मी सांगतो. दोन तास बोलले. ते रेकॉर्डिंग आज त्या यादीशेजारीच ठेवलंय, दोघांना एकच मूळ नंबर, कारण एकाशिवाय दुसरं अर्धं आहे. त्यांचे वडील या वाड्याच्या ढेलजेपर्यंतच यायचे. आजोबांना आम्ही माजघरापर्यंत घेऊन गेलो तेव्हा ते बराच वेळ खांबाला हात लावून उभे होते, कुणी काही बोललं नाही.

म्हणून कमिटी करताना पहिल्या दिवसापासून सगळ्या आळ्यांतली माणसं घ्या, बायका घ्या, नुसती नावाला नाही, किल्ली त्यांच्याकडेही द्या. कासार, लोहार, धनगर, मुसलमान घरं, प्रत्येकाकडे काहीतरी आहे, त्यांनी "आमच्याकडे काय असणार" म्हटलं तर परत जा, तिसऱ्यांदा जा. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या असतील तर उद्यावर टाकू नका. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आणि गाणाऱ्या बाईचं नाव, गाव ओवीबरोबर ठेवलं, तसंच करा. रेकॉर्डिंगला परवानगी बोलून घ्या, ती रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच येऊ द्या, आणि कुणी म्हणालं हे मी असेपर्यंत लोकांना ऐकवू नका, तर तो शब्द पाळायचा.

कायद्याचं थोडक्यात

वाडा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. गावठाणात सातबारा चालत नाही, ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा, सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, अमेरिकेतल्या चुलतभावाचीसुद्धा, आणि तोंडी नको, रजिस्टर केलेला लांब मुदतीचा भाडेपट्टा करा. संस्थेची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, निदान ७ जण लागतात, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ट्रस्ट म्हणून, दोन्ही धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्या, हे लोक विसरतात आणि मग ग्रँट अडकते. १२ए आणि ८०जी नावानं ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीच्या नोंदण्या नंतर करून घ्या, देणगीदार विचारतातच.

१०० वर्षांच्या वरच्या मूर्ती, चित्रं, कोरीव लाकूडकाम, चित्रं असलेली हस्तलिखितं यांची १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. हस्तलिखितांना पुरावशेष ठरायला ७५ वर्षं पुरतात. जमिनीत काही सापडलं, नाणी, हंडा, तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं, १० रुपयांच्या वरचं काहीही. तलवार, ठासणीची बंदूक कुणी आणून दिली तर घ्यायच्या आधी पोलीस स्टेशनला लेखी विचारा, आणि वाड्याच्या भिंतीवर सांबराची शिंगं, वाघाचं कातडं असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय हलवू नका, देऊ घेऊ नका. पत्रांच्या बाबतीत कागद तुम्हाला मिळाला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असू शकतो, छापायच्या आधी त्यांना विचारा, बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात.

मांडताना

थोडं मांडा. दहापैकी एक वस्तू बाहेर, बाकी नीट ठेवलेल्या, आणि दर तीन महिन्यांनी बदला, म्हणजे गावातली माणसं परत येतात. कागद आणि कापड यांना उजेड खूप त्रास देतो, ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर नको, म्हणजे मंद, माजघरात दुपारी असतो तेवढा. मूळ सनद बाहेर लावायची गरजच नाही, चांगली रंगीत प्रत लावा. पैठणी, लुगडी घडीवर ठेवू नका, घडीवर जरीची तार तुटते, पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेला मांजरपाट गुंडाळून त्यावर गुंडाळा. पितळेला चिंच, लिंबू, राख लावून चकाचक करू नका, दर घासण्याला थोडा धातू जातो आणि आधी जातं ते टिंबांचं नाव. कोरडं मऊ फडकं पुरे. लेबलं मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि त्यात वस्तू कुणी दिली त्यांचं नाव, त्यांची हरकत नसेल तर.

दर सोमवारी एक फेरी मारायची. भिंतीवर वाळवीची मातीची नळी कुठं चढतेय का, लाकडाखाली पिठासारखा भुसा पडलाय का, कपाटात उंदराच्या लेंड्या आहेत का, आर्द्रतेचा आकडा किती, आणि हे सगळं तारीख घालून त्याच वहीत, शेवटच्या पानांवर. आमची ही फेरी आता दहावीतल्या दोन मुली मारतात, त्यांनीच गेल्या पावसात देवघराच्या मागच्या भिंतीवर नळी चढताना पहिल्यांदा पाहिली, हातभरसुद्धा नव्हती, त्या दिवशीच वाळवीवाल्याला बोलावलं आणि पलीकडच्या खोलीतले अकरा रुमाल संध्याकाळपर्यंत ओसरीवरच्या टेबलांवर आले, एक एक नंबर वहीशी ताडून.